गावठाणातला खून, पोलीस आणि निवृत्त बाई

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नवी मुंबईतल्या खाडीकाठच्या एका काल्पनिक गावठाणात तुमची रहस्यकादंबरी घडते. शेतजमीन घेतल्याच्या बदल्यात सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीकडून मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरून भावकीत धुसफूस आहे. घरातल्या वयस्कर कर्त्या पुरुषाचा खून होतो आणि गावच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या बाई शोध लावतात. सुरुवातीची प्रकरणं वाचणाऱ्यांनी तीन हरकती घेतल्या: पोलीस असताना बाईंना कोण विचारतो, सीसीटीव्ही आणि मोबाईलच्या काळात असं रहस्य टिकतं का, आणि खुनी कोण हे आम्हाला पाचव्या प्रकरणातच कळलं. शेवटी तुम्ही कलमांबद्दलही विचारलं आहे.

मी ठाण्याच्या सत्र न्यायालयात फौजदारी खटले चालवतो आणि बऱ्याच वर्षांपासून दिवाळी अंकांत रहस्यकथा लिहितो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलता येईल. माझ्या मते या तिन्ही हरकतींचं मूळ एकच आहे. तुमच्या बाई पोलिसांचंच काम करायला निघाल्या आहेत. त्या ठसे बघतात, फोनचे तपशील मिळवतात, मृतदेहाजवळची वस्तू पर्समध्ये टाकतात. हे काम पोलीस त्यांच्यापेक्षा चांगलं करतात, म्हणून वाचकाला बाई उपऱ्या वाटतात. बाईंना पोलिसांपेक्षा हुशार करू नका. पोलिसांना जे कुणी सांगणार नाही, ते त्यांच्या कानावर येऊ द्या.

काही गोष्टी मात्र तुमच्या निवडीवर अवलंबून आहेत. गाव मुरबाड-शहापूरकडचं असतं तर उत्तर वेगळं झालं असतं. तिथे पोलीस पाटील असतो, बातमी आधी त्याच्याकडे जाते आणि तोच निम्मा शोधकर्ता होऊन बसतो. तुमचं गावठाण शहराच्या पोटात आहे. सिडको 1970 साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. शेती गेली, मिठागरं गेली, गावठाणं तेवढी राहिली. गरजेपोटी बांधलेली चार-पाच मजली घरं, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागेल अशा गल्ल्या, वरच्या मजल्यांवर भाडेकरू, आणि मधोमध गावदेवीचं देऊळ. पोलीस ठाणं रिक्षाने दहा मिनिटांवर. इंग्लंडातल्या जुन्या खेडेगावच्या खूनकथांमध्ये जमीनदाराचा वाडा, चर्चचा पाद्री, डॉक्टर आणि सगळ्यांकडे चहाला जाणारी एखादी वृद्ध बाई असायची. त्या कथा दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बहरल्या. आपल्याकडे तो वाडा आणि तो पाद्री शोधत बसू नका. तिथे जे काम ‘सगळे सगळ्यांना ओळखतात’ ही गोष्ट करायची, ते इथे भावकी आणि गावकी करतात.

आता पोलिसांचं. त्यांना कथेतून पळवून लावू नका, मूर्ख तर अजिबात दाखवू नका. त्यांचं काम त्यांना पूर्ण करू द्या. मृतदेह सापडला की आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, मरणोत्तर पंचनामा होतो, शव शवविच्छेदनाला जातं. जखमा संशयास्पद निघाल्या की खुनाचा गुन्हा दाखल होतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावं अशी तरतूद आहे, झडती-जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. गावाच्या नाक्यावरच्या सोनाराच्या दुकानाचे, एटीएमचे, समोरच्या सोसायटीच्या गेटचे कॅमेरे तपासले जातात, फोनचे तपशील मागवले जातात. हे सगळं तुम्ही दोन पानांत उरका.

यातून तुम्हाला काय मिळतं ते पाहा. नाक्यावरच्या कॅमेऱ्यांत त्या रात्री गावात शिरलेला किंवा गावातून पळालेला परका माणूस दिसत नाही. म्हणजे खुनी आतला. टॉवरच्या नोंदींवरून संशयितांचे फोन गावातच होते हे कळतं, पण दाट वस्तीत सगळी घरं त्याच एक-दोन टॉवरांच्या पट्ट्यात येतात, त्यामुळे कोण कुठल्या घरात होतं हे काही त्यावरून सांगता येत नाही. जुन्या कथांमध्ये लेखकाला संशयितांची संख्या बांधून ठेवायला वादळ आणावं लागायचं, पूल पाडावा लागायचा. तुमच्यासाठी ते काम सीसीटीव्हीच करून देतो. ज्या गोष्टीला तुम्ही अडचण समजता आहात, तिचा मी पहिल्या पन्नास पानांत भरपूर वापर करीन. पोलीस वर्तुळ आखतात आणि तिथे अडतात. आत जायचं काम बाईंचं.

पोलीस अडतात ते का, हे मला कागदपत्रांतून रोज दिसतं. जबाब वाचले की एकाच साच्यातली वाक्यं येतात: ‘मी वरील ठिकाणी कुटुंबासह राहण्यास असून मासेमारीचा व्यवसाय करतो. मयत इसम हे माझे चुलते लागतात. सदर रात्री मी जेवण करून झोपलो होतो.’ यात खोटं काही नसतं, आणि कामाचंही काही नसतं. तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सहीसुद्धा घेत नाहीत, कायद्यातच तसं आहे. माणूस जेवढं विचारलं तेवढ्याचं उत्तर देतो. विचारणारा अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जाणार, आणि सांगणाऱ्याला त्याच गल्लीत उभा जन्म काढायचा. उद्या मुलीच्या हळदीला ज्याला बोलवायचं, त्याचं नाव आज कोण घेईल?

गावातल्या खुनाबद्दल कुणालाच काही माहीत नसतं असं सहसा होत नाही. दहा जणांना दहा तुकडे माहीत असतात. प्रत्येकाला आपला तुकडा क्षुल्लक वाटतो, नाहीतर तो गिळण्यामागे त्याचं स्वतःचं कारण असतं. तुमच्या बाईंचा सगळा शोध ‘कोण गप्प आहे आणि कशासाठी’ याचा ठेवा. ‘कुणी केलं’ हे त्यातून आपोआप वर येतं. शोधाची ही रीत पोलिसांच्या रीतीशी टक्कर घेत नाही, म्हणून पहिली हरकत तिथेच संपते.

बाईंची निवड तुम्ही उत्तम केली आहे, फक्त त्या पदाचा पुरेसा वापर झालेला नाही. गावात त्या ‘बाई’ आहेत. पन्नाशीचा नगरसेवकसुद्धा त्यांच्यासमोर हातातली सिगारेट टाकून देईल. त्या जातीच्या नात्यात नाहीत, भावकीत नाहीत, तरी प्रत्येक घरातलं एक तरी मूल त्यांच्या हाताखालून गेलेलं आहे. पूर्ण आतल्या माणसाला कुणी सांगत नाही, कारण त्याला बाजू असते. पूर्ण बाहेरच्यालाही सांगत नाहीत. बाई उंबरठ्यावर आहेत.

शिवाय शाळेचं जनरल रजिस्टर हे त्यांच्या खास ज्ञानाचं साधन होऊ शकतं. मुलाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, कोणत्या वर्षी शाळा सोडली, हे सगळं त्यात असतं, आणि वारसाच्या भांडणात शाळा सोडल्याचा दाखला किती ठिकाणी पुढे येतो हे कुठल्याही दिवाणी वकिलाला विचारा. समजा, मयताचे वारस म्हणून तीन नावं सगळेजण सांगतात. बाईंना आठवतं की त्याच बापाच्या नावाने चौथं मूल दुसरीपर्यंत शाळेत होतं आणि मध्येच निघून गेलं. रजिस्टर त्यांनी घरी आणायचं नाही, आठवण ठेवायची आणि अधिकाऱ्याला ‘ते एकदा मागवून बघा’ म्हणायचं. त्यांच्या जोडीला गावची धवलारीण असेल तर बहारच. लग्नात धवले गाणारी ही बाई प्रत्येक घराच्या माजघरापर्यंत जाते. कुणाचं लग्न कुठे ठरता ठरता मोडलं, कोणत्या बहिणीला हळदीचं बोलावणं गेलं नाही, हे तिला विचारावं. आगरी-कोळी गावाची कथा लिहिताना हे पात्र सोडणं मला परवडलं नसतं.

आता एक उदाहरण जरा तपशिलात सांगतो. कादंबरीत दुवा पेरायचा कसा, हे त्यातून स्पष्ट होईल.

खून गोकुळाष्टमीच्या रात्री घडवा. नारळी पौर्णिमा होऊन आठ दिवस झालेत, होड्या पाण्यात उतरल्यात. रात्री बाराला कृष्णजन्म, त्यामुळे सगळं गाव देवळात, पाळण्याची दोरी धरायला बायकांची गर्दी, बाहेर पोरं दुसऱ्या दिवशीच्या हंडीच्या तयारीत. कोण कुठे होतं हे प्रत्येकाला आठवणारी वर्षातली ती एकच रात्र. मयत रात्री कधीतरी खाडीच्या बाजूला गेला आणि सकाळी तिवरांत सापडला. शवविच्छेदनाचा अहवाल मृत्यूची वेळ काही तासांच्या पट्ट्यात सांगतो, घड्याळाचा काटा दाखवत नाही. पुतण्या जबाबात म्हणतो, ‘बाराला मी होडी घेऊन खाडीत गेलो होतो, पहाटे परतलो.’ पोलीस लिहून घेतात. देवळात तो नव्हता हे खरं, होडी त्याच्या बापाची हेही खरं.

आता तिथी पाहा. मुंबईच्या किनाऱ्याला पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि रात्री बाराच्या सुमारास येते. रोज ती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणजे अष्टमीला भरती सहा-सातच्या दरम्यान आणि मध्यरात्री ओहोटी. त्या वेळी गावच्या धक्क्याला पाणीच नसेल तर होडी चिखलात कललेली असणार, ती काढणार कशी? शिवाय वद्य अष्टमीचा चंद्र उगवतो मध्यरात्रीच्या आसपास. तेव्हा ‘दहा वाजता चांदण्यात मी त्यांना बांधावरून जाताना पाहिलं’ असं म्हणणारा दुसरा साक्षीदारही आपोआप अडकतो. आणि हे दोन्ही दुवे तुम्ही वाचकापासून लपवलेले नाहीत. अष्टमी आहे हे त्याला पहिल्या पानापासून माहीत आहे. रहस्यकथेतला प्रामाणिकपणा मी याला म्हणतो.

पण इथे तीन ठिकाणी सांभाळा. एक, धक्का कुठे आहे ते ठरवा. मुख्य खाडीवरच्या जेट्टीला ओहोटीलाही पाणी असू शकतं, आणि अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस, असल्यामुळे पाणी पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखं फार खालीही जात नाही. म्हणून तुमचा धक्का कांदळवनातून आत शिरलेल्या अरुंद फाट्यावर ठेवा. तिथे भांगाच्या दिवसांत भरतीलासुद्धा पाणी जेमतेम चढतं. खाडीत वर ऐरोली-ठाण्याकडे सरकाल तशी भरती-ओहोटीची वेळही थोडी उशिराची होते. भांगाच्या दिवसांत वेळा पुढेमागे होतात, तेव्हा ज्या वर्षाची कथा आहे त्या वर्षाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढून बघा. आणि एखाद्या अष्टमीला दिवेलागणीला आणि मग मध्यरात्री, सोबत कुणीतरी घेऊन, अशा धक्क्यावर जाऊन उभ्या राहा. उघड्या पडलेल्या चिखलाचा तो वास, निवट्या या चिखलातल्या माशांची चुळबुळ, सैल पडलेला दोर, हे बसल्या जागी सुचत नाही.

दोन, श्रावण आहे. आकाश ढगाळ असेल तर चांदण्याचा मुद्दा निकामी होतो. त्या रात्री पाऊस उघडला होता हे हंडी बांधणाऱ्या पोरांच्या बोलण्यात आधीच आणून ठेवा.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: खाडीत वाढलेला कोळी असली थाप कधीच मारणार नाही. तेव्हा पुतण्या लहानपणीच शहराच्या टॉवरमध्ये राहायला गेलेला असू दे, होडी फक्त नावाला. मग पुढचा प्रश्न उभा राहतो आणि तोच कादंबरीचा कणा आहे. ही थाप गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या कोळ्याने ऐकली, प्रत्येकाला ती थाप आहे हे त्याच क्षणी कळलं, मग एकानेही पोलिसांना का सांगितलं नाही? अधिकारी घाटावरून बदलून आलेला, त्याला विचारायचं सुचलं नाही हे समजण्यासारखं आहे. पण हे का गप्प? एकाला पुतण्याची दया आली, कारण तो त्या रात्री कुठे होता हे त्याला माहीत आहे आणि ती जागा सांगितली तर एका घराची अब्रू जाते. दुसऱ्याला वाटतं, म्हातारा गेला ते बरं झालं. तिसरा खुन्याचा देणेकरी आहे. बाई या तिघांच्या ओट्यावर जाऊन बसतात. त्यातली एक भेट तुम्ही दहा पानं चालवलीत तरी वाचक कंटाळणार नाही. आणि पुतण्या खोटं बोलला तरी खुनी नाही, हा धक्का तुम्हाला आयता मिळतो.

इथून तिसऱ्या हरकतीकडे वळू. खुनी लवकर कळला, कारण तुमच्याकडे फायदा एकालाच होता. मराठी वाचक जमिनीच्या भांडणात वाढलेला असतो. ‘वाटा कुणाला मिळणार’ हा हिशेब तो तुमच्या आधी करतो. म्हणून त्या हिशेबालाच पेच घाला. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे खून करणाऱ्याला किंवा त्याला मदत करणाऱ्याला मयताची मालमत्ता वारसाने मिळत नाही. बाईंनी हे कुठल्याशा पुतण्याला सहज बोलता बोलता सांगितलं आणि त्याचा चेहरा पडला, एवढ्यानेही एक प्रकरण उभं राहतं. बहिणींचा हक्क हा दुसरा पेच. 2005 च्या सुधारणेने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः समान हक्क मिळाला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी सुधारणेच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. तेव्हापासून ‘ताई, तेवढ्या हक्कसोडवर सही कर’ या वाक्यामागचा दबाव वेगळाच झाला आहे. सासरी उरणला असलेली बहीण सही करत नाही, आणि मयत शेवटच्या दिवसांत तिच्या बाजूने झुकला होता, एवढं कळलं की संशय तीन घरांत विभागतो.

तरीही मी खुनी वारसांत ठेवणार नाही. कर्ता पुरुष गेला की वारसनोंदी लागेपर्यंत व्यवहार अडकतो, महिनोन्‌महिने अडकतो. वाचक विचारत राहील की पैसा कुणाला मिळाला. तुम्ही मनाशी विचारा, हा उशीर कुणाला हवा होता? समजा, सिडको, भूखंडधारक आणि बिल्डर यांच्यातला त्रिपक्षीय करार सोमवारी व्हायचा होता. त्यासाठी कागद बाहेर निघाले असते तर कळलं असतं की त्याच भूखंडावर गावातल्या एका भल्या माणसाने, ज्याच्या शब्दावर सगळे चालतात त्याने, आधीच दुसऱ्या कुणाकडून बयाणा उचलला आहे. त्याला जमीन नको आहे, त्याला सोमवार नको आहे. हा माणूस पहिल्या प्रकरणापासून बाईंना मदत करणारा ठेवा: अंत्यविधीचा खर्च उचलणारा, पोलिसांना चहा पाजणारा, धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांना गप्प राहायला ‘गावाच्या भल्यासाठी’ सांगणारा. वाचकाने त्याला रोज बघावं आणि त्याच्याकडे लक्ष देऊ नये.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो, कारण तिथे बऱ्याच हस्तलिखितांचा घात होतो. सगळ्यांना एकत्र जमवायला दिवाणखाना शोधायची गरज नाही. बाराव्या-तेराव्याला सगळी भावकी जमतेच, रुसलेली बहीणसुद्धा येते. मात्र बाईंनी जे उलगडलं ते त्याआधी तपास अधिकाऱ्याच्या कानावर घातलेलं असावं. खुनाबद्दलची माहिती जवळच्या पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला देणं हे सामान्य नागरिकाचंही कर्तव्य आहे, आणि पुरावा लपवणं हा स्वतंत्र गुन्हा. म्हणून ती पर्समध्ये टाकलेली वस्तू आजच कथेतून काढून टाका. पंचनाम्यात नसलेली वस्तू कोर्टात मी पाच मिनिटांत उडवून लावीन, आणि सुटलेल्या खुन्याचं श्रेय तुमच्या बाईंना जाईल. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. बाईंपुढे दिलेला चालू शकतो, पण न्यायालय तो एकटा भक्कम मानत नाही, त्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार मागतं. त्यामुळे खुन्याने रडत कबूल केलं आणि कादंबरी संपली असं करू नका. बयाण्याची पावती, पहिल्या खरेदीदाराची साक्ष, आणि आतापर्यंत गप्प असलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकाने स्वतःहून पोलीस ठाण्याची पायरी चढणं, या तीन गोष्टी हाताशी ठेवा. शेवटची तर बाईंची खरी कमाई आहे, तिला पूर्ण प्रकरण द्या.

राहिलं कलमांचं. कथेतला खून 1 जुलै 2024 च्या आधीचा असेल तर पात्रांच्या तोंडी भारतीय दंड संहितेचं 302 येईल आणि मरणोत्तर पंचनामा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 174 खाली होईल. त्या दिवशी किंवा नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं 103 आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 194. नव्या काळातली कथा असली तरी जुना हवालदार बोलताना ‘तीनशे दोन’च म्हणेल, ते खुशाल तसंच लिहा, कागदावर मात्र 103 पडू द्या. आणि गोकुळाष्टमी निवडलीत तर आधी वर्ष पक्कं करा, मग वेळापत्रक, मग कलम.